वेणी घालून कापलेले केस

देवपूरच्या अक्कांनी मला वाचवलं, हे आधी लिहून टाकते. बाकीचं मग. बाकीचं लिहायला लागले की मला राग येतो, आणि रागात माणूस हात देणाऱ्याला विसरतं, ढकलणाऱ्यावरच पानं भरत बसतं. अक्कांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. "मना नाव कागदवर कसाले?" असं त्यांच्या अहिराणीत म्हणतील, आणि वर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतील. माझी शाळा सातवीत सुटली. अक्कांची पाचवीत. तरी चुका त्याच काढतात.

आमचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. पाऊस येईल तेवढी शेती, मोहाची फुलं, डिंक, आणि दिवाळीनंतर ऊसतोड. मला अठरावं लागलं तेव्हा गावातल्या एका बाईंच्या ओळखीने मी जळगावला आले. पिंप्राळ्यात एका ब्युटी पार्लरमध्ये राहून काम. निघताना वडील एवढंच बोलले, "जमलं तर राहा. नाही जमलं तर पुढच्या दिवाळीनंतर टोळीत ये, माणूस कमी आहे." टोळीत एकटी पोरगी जात नाही, कोयत्याला जोडी लागते. म्हणजे आधी लग्न, मग ऊस. मुलगाही बघून ठेवलेला होता. मी एसटीत बसले तेव्हा पोटात एकच गोष्ट धरून बसले होते, काहीही झालं तरी परत जायचं नाही.

पार्लरच्या मॅडमना मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही. का ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळून घ्यायचंही नाही. मला नावाने कधी बोलावलं नाही. "ए डोंगर, टॉवेल." "ए डोंगर, वॅक्स गरम झालं का बघ." गिऱ्हाईक बायकाही तशाच. कोणी खुर्चीत बसल्याबसल्या विचारायची, "हिचे हात धुतलेत ना?" मी धुतलेले हात पुन्हा त्यांच्यासमोर धुवायची. सहा महिने मी केर काढला, टॉवेल वाळत घातले आणि केस कापताना लांबून बघत राहिले. लांबून सगळं सोपं दिसतं.

ती आई आणि मुलगी आल्या तो मे महिना होता. लग्नसराई. कूलर नुसता गरम हवा फेकत होता, चारही खुर्च्या भरलेल्या. मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं, जामनेरला द्यायची होती. केस गुडघ्यापर्यंत. खोटं सांगत नाही, गुडघ्याच्या खळगीपर्यंत. आईने आल्याआल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जामनेरच्या बाई बघायला आल्या तेव्हा वेणी हातात धरून तोलली त्यांनी. म्हणाल्या, पोरगी राहू द्या, ही वेणीच आम्हाला द्या." पार्लर हसलं. मुलगी हसली नाही.

पण खालची दोन बोटं केसांची नुसती जाळी झाली होती. टोकं फाटलेली, विरळ, लालसर. तेवढं काढून खालची कड नीट करायची होती. आईला व्ही आकार पाहिजे होता, मधे टोक आणि दोन्ही बाजूंना वर चढत गेलेला. भावजयीच्या मुलीने केला होता, फोटोत छान दिसला होता.

मॅडमच्या दोन्ही हातांना फेशियलचं क्रीम. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "ए, हिला घे. दोन बोटं काढ, व्ही दे. एवढं तर येतं ना?"

मी "हो" म्हणाले.

यात माझी चूक किती आणि भीती किती, ते मी खूपदा मोजून पाहिलं. येत नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं असतं, मग सहा महिने काय करत होतीस, आणि मला टोळीचा ट्रक डोळ्यांसमोर दिसला असता. मी हो म्हणाले आणि मला जसं माहीत होतं तसं केलं.

आमच्याकडे केस कापायचे म्हणजे आई वेणी घालते, घट्ट, अगदी टोकापर्यंत, आणि टोकाला दोरा बांधून खालचा शेपटा कात्रीने एका घावात उडवते. झालं काम. आजीचे तसेच, माझे तसेच, गावातल्या सगळ्या पोरींचे तसेच. मी त्या मुलीला खुर्चीत बसवलं, केस विंचरले, छान तीन पेडांची वेणी घातली, टोकाला रबर लावलं, दोन बोटं मोजली आणि कापली. मला वाटलं, वाईट नाही.

मग आई म्हणाली, "सोड बरं, बघू व्ही."

मी वेणी सोडली. कड कुठे होतीच नाही. तीन पेडांचे तीन दात झाले होते, एक खाली, एक वर, एक तिरका, आणि उजव्या अंगाला तर चार बोटं गेली होती. मुंग्यांनी कुरतडलेल्या पानासारखं दिसत होतं.

"हे काय केलं वं!" आई एवढ्या जोरात ओरडली की वाफ घेणाऱ्या बाईने तोंडावरचा टॉवेल काढला. "काय केलं हे? माझ्या पोरीचे केस खाल्ले हिनं! कोणी बसवलं हिला खुर्चीपाशी?"

मॅडम क्रीमच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी बघितलं, आणि त्या माझ्याकडे वळल्या नाहीत, आईकडेच वळल्या. "ताई, मी हिला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. ही डोंगरातली माणसं, ऐकत नाहीत."

मी म्हटलं, "तुम्हीच..."

"तोंड वर करून बोलते!"

मुलगी आरशात बघत होती. रडत नव्हती. केस हातात घेऊन नुसती बघत होती, आणि मला आईपेक्षा तिचीच जास्त भीती वाटली.

मग आईने खाली फरशीकडे बोट दाखवलं. "उचल सगळे. एक केस इथं राहता कामा नये. कागदात बांधून माझ्या हातात दे. यांचं काय सांगावं, नेऊन करणीबिरणी करतील लग्नाच्या तोंडावर." मी गुडघ्यांवर बसून एकेक केस उचलला. खुर्चीच्या चाकात गेलेले पिनेने काढले. बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या. माझ्यासाठी नाही, मी पायाला लागू नये म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळच्या चोपडा गाडीने जा. बॅग भरून ठेव."

तेवढ्यात त्या मुलीने फोन लावला होता. ती कॉलेजला धुळ्यात होती, देवपूरला खोली करून राहायची. तिथे एका बाईंकडे केस नीट करून घ्यायची. आई खवळली, "तिला कशाला? जळगावातल्या बायका मेल्या का? अन् तिच्या घरी... आपण काय तिच्याकडे..." पुढचं ती बोलली नाही, पण सगळ्यांना कळलं. अक्कांचं घर बौद्धांचं.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "मग मी जामनेरला अशीच जाते. सांगते त्यांना, आईनेच नाही म्हटलं."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अक्का धुळ्याच्या एसटीतून उतरून, पिंप्राळ्यापर्यंत रिक्षा करून आल्या. साठीच्या, बारीक, काठापदराचं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत कात्री, दोन कंगवे, रबरांची पुडी. मला मॅडमनी जाऊ दिलं नव्हतं, कारण अक्कांनी फोनवर सांगितलं होतं की जिने कापले ती तिथे पाहिजे. मला वाटलं, आता हीसुद्धा मारणार.

मॅडमनी सगळ्यांना चहा दिला. आई, मुलगी, दोन गिऱ्हाइकं, सगळ्यांना काचेचे कप. अक्कांना कागदाचा. अक्कांनी तो घेतला, चहा बेसिनमध्ये ओतला, कप धुतला आणि रबरं ठेवायला समोर मांडला. मॅडमची मान लाल झाली.

मग अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "आठे ये. ह्या केस तुनी कापात का?"

"हो."

"वेणी घालीसन?"

मी मान हलवली. त्यांना बघूनच कळलं होतं.

"काब्र?"

"आमच्याकडे असेच कापतात."

"तुना घर बाया केस मोकळा सोडतस?"

मी विचार केला. आमच्याकडे न्हाल्यावर केस वाळेपर्यंतच मोकळे. मग लगेच वेणी. खालची कड कोणाला दिसतच नाही. "नाही," म्हटलं.

"मंग तुना घरना हिशोबमा बराबर शे."

मॅडम हसल्या. "बरोबर म्हणे! आता हेच शिकायचं राहिलं होतं."

अक्का त्यांच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी मॅडमना तसं ऐकून घेताना कधी बघितलं नव्हतं. "तिनी तिना घरनं करं. तुनी काय करं? तू ते देखं बी नही." मग शहरातल्या मराठीत, सगळ्यांना नीट कळावं म्हणून, "पोरीच्या हातात कात्री देऊन पाठ फिरवणारीने हसू नये."

मला रडू फुटलं. अक्का माझ्यावरच खेकसल्या, "रडनं व्हई ते बाहेर जाय. केस ओला करशी."

मी रडणं गिळलं. अक्का अशाच. आजपर्यंत त्यांनी मला एकही गोड शब्द दिलेला नाही.

त्यांनी आईच्या हातातून कागदाची पुडी मागितली. आई देईना. "कशाला? जाळायचे आहेत ते."

"जाळा. आधी देखू द्या." त्यांनी कापलेले केस टेबलावर लांबीप्रमाणे लावून ठेवले, मुलीच्या पाठीवरच्या कडेशी ताडले आणि कुठून किती गेलं ते बोटांनी मोजलं. मधून दोन, डावीकडून एक, उजवीकडून चार. मग मुलीला म्हणाल्या, "उठ माय. चालून दाखव."

"चालून?"

"दरवाजापर्यंत जा, परत ये. मग बस. लग्नात बसशील तशी."

मुलगी चालली. केस पाठीवरून गुडघ्यावर हलत होते, फाटक्या कडेचे. बसली तेव्हा टोकं मांडीखाली आली, तिने सवयीने हाताने ओढून बाजूला घेतली. अक्कांनी विचारलं, "मोकळे सोडतेस कधी?"

"नाही. वेणीच. मोकळे सोडले की सगळे हात लावतात."

"लग्नात?"

"वेणीच. आईला फोटोत मोकळे पाहिजेत."

"तुला?"

मुलीने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "वेणी."

मला आठवतं, मी तेव्हा आदल्या दिवसाचा विचार करत होते. आईला, मॅडमला, जामनेरच्या बाईंना काय पाहिजे ते सगळं मी ऐकलं होतं. त्या मुलीला मी एक शब्द विचारला नव्हता. माझी वेणीची चूक होती, पण हीही होती.

अक्का आईला म्हणाल्या, "सरळ कापले तर ही छोटी बाजू जिथं आहे तिथपर्यंत सगळे आणावे लागतील. चार बोटं सगळीकडून. वर वेणीचं टोक खराट्यासारखं जाडं राहील. व्ही दिला तर बाजूचे अजून वर जातील, मधे शेपटी राहील, अन् वेणी खाली उंदराच्या शेपटीवर संपेल. तुमची पोरगी उंच नाही. गुडघ्यावर टोक आलं की ती अजून बुटकी दिसेल. यू घ्या, उथळ. मधले राहतील, बाजूचे थोडे वर, उजवीकडचं गेलेलं त्यात मावून जाईल. केस सगळ्यात कमी जातात, वेणी ओंबीसारखी निमुळती उतरते."

"व्हीच पाहिजे मला."

"मग तुमचे कापते. कुठे आहेत?"

कोणीतरी फिसकन हसलं. आईची नजर अशी की केस जळावेत.

अक्कांनी मुलीला खुर्चीतून उठवून फरशीवर सरळ उभं केलं, नजर समोर. एवढे लांब केस बसवून कापत नाहीत. मान जराशी झुकली की कड तिरकी जाते, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. मग वीत वीत अंतरावर पाठीवरून खाली सैल रबरं लावली, केस मधेच सरकू नयेत म्हणून. आणि मग त्या म्हातारीने लुगड्याचा सोगा खोचला आणि फरशीवर मांडी घातली, त्या मुलीच्या टाचांमागे, केसांच्या टोकाच्या बरोबर समोर. "तू बी बस," मला म्हणाल्या. ज्या फरशीवर मी काल केस वेचले होते त्याच फरशीवर मी बसले.

मधलं त्यांनी कापलं. उजवी बाजू गोलाईत मिळवली. कात्री पुढे ढकलत नव्हत्या, अगदी थोडी उघडून केसांवर टेकवत होत्या. मग कात्री माझ्या हातात दिली. "डावी तू."

आई किंचाळली. "हिच्या हातून? पुन्हा? नाही म्हणजे नाही!"

अक्का उठल्या. सावकाश गुडघे धरून. कंगवे पिशवीत टाकले. "बरं. मी जास."

"अहो, अर्धंच झालंय!"

"अर्धं बरं झालं. बाकी जळगावमा करा."

मला वाटलं, माझ्यामुळे हे सगळं पुन्हा बिघडतंय, नका करू अक्का, द्या मॅडमला, मी जाते चोपड्याला. मी कात्री पुढे केली. अक्कांनी घेतली नाही.

मुलगी पाठमोरीच म्हणाली, "करू दे तिला."

मी कापलं. अक्का कानाशी पुटपुटत होत्या, "श्वास सोड, मंग काप. घेतना नही, सोडना." मी श्वास सोडायची आणि कापायची. दोन-दोन मिलिमीटर. डावी बाजू उजवीला मिळायला पाऊण तास लागला असेल. कूलरच्या वाऱ्याने केस हलले की थांबायची. शेवटी अक्कांनी रबरं काढली, कंगवा फिरवला. गुडघ्यामागे चंद्रकोरीसारखी उथळ कड. मग त्यांनीच वेणी घातली, आणि टोक खरंच गव्हाच्या ओंबीसारखं उतरलं.

आईने वेणी हातात धरली, टोकावर बोट फिरवलं, दोष शोधला. सापडला नाही. म्हणाली, "लहान झाले." बस. मुलीने मागे वळून माझा हात दाबला, आईला दिसणार नाही असा.

मॅडम म्हणाल्या, "एवढी दया आली असेल तर घेऊन जा तुमच्याकडेच. मला नको ही."

"दया नही," अक्का म्हणाल्या. "माले माणूस लागस."

माझी बॅग आधीच भरलेली होती. चोपड्याच्या गाडीऐवजी धुळ्याच्या गाडीत बसले. पारोळ्याच्या आसपास त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी माझ्यासमोर धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. वडिलांना मी फोन केला. ते म्हणाले, "टोळीत नाव आहे तुझं." मी म्हटलं, "काढा."

देवपूरला घराच्या पुढच्या खोलीत अक्कांची एकच खुर्ची. तिथे मी चार वर्षं होते. तिथेही कोणी मला ओवाळलं नाही. बायका यायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, तुम्ही करा, हिच्या हातून नको." अक्का म्हणायच्या, "मंग उठा." काही उठून जायच्या. बऱ्याच बसायच्या, तोंड वाकडं करून. अक्का मलाही रोज बोलायच्या. कड एक केस चुकली तरी पुन्हा करायला लावायच्या. आधी बाईला चालवून बघ, मग विचार, केस कोण बघणार, ती स्वतः की दुसरं कोणी, मगच आकार ठरव. हे त्यांनी शंभरदा सांगितलं असेल. जामनेरला काय झालं ते कधी कळलं नाही. लग्नानंतर महिन्याभराने त्या मुलीचा अक्कांच्या फोनवर एक फोटो आला. चेहरा नाही, पाठीमागून फक्त वेणी. अक्कांनी तो मला दाखवला आणि म्हणाल्या, "डावी बाजू अजून थोडी भारी शे."

आता मी सुरतेला आहे. इथल्या सलूनमध्ये मला कोणी डोंगर म्हणत नाही, इथे दुसरं म्हणतात. इथल्या मालकिणीलाही मी आवडत नाही. चालतं. लांब केसांची गिऱ्हाइकं ती माझ्याकडेच पाठवते, कारण दुसऱ्या कुणी फरशीवर बसत नाही.

अक्कांचे स्वतःचे केस कमरेच्याही खाली आहेत, पांढरे. ते त्या स्वतःच कापायच्या, खांद्यावरून पुढे ओढून, आरशाशिवाय. त्यामुळे डावी बाजू नेहमी बोटभर खाली. चार वर्षं मी ती वाकडी कड रोज बघितली आणि गप्प राहिले. एकदा धीर करून विचारलं, मी करू का? म्हणाल्या, "तुना हातले अजून घाई शे." परवा फोनवर सहज बोलल्या की उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, केस नुसते गुंडाळून ठेवते. मी विचारलं, कापतं कोण? म्हणाल्या, "कोनी नही. कोनले हात लावू देसू?"

अक्का, हे वाचून तुम्ही चुका काढाल, काढा. ही लग्नसराई संपली की मी देवपूरला येते. त्या दिवशी तुम्ही उभ्या राहायचं, नजर समोर, आणि मी तुमच्या टाचांमागे फरशीवर बसणार. घाई करणार नाही. श्वास सोडूनच कापीन. तुमचं माझ्यावर आहे ते मी एक दिवस फेडणार आहे, आणि सुरुवात तुमच्या डाव्या बाजूपासून करणार आहे.